खेळाचे कार्ड आणि कामाचे कार्ड



या व्यासपीठावरून दरवर्षी इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण, समाजकारण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. त्या पंक्तीत बसून आम्ही आज संगणकाच्या पेटीत खोचावयाच्या वीतभर लांबीच्या एका पाटीविषयी बोलणार आहोत. आम्ही विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एकांनी शंका काढली की, हा विषय व्यासपीठावरचा नसून दुकानातला नाही का? शंका रास्त होती. विषय दुकानातलाच आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे कष्टाचे पैसे दुकानातच जातात, आणि तेथे प्रश्न विचारायला सवड नसते, विचारला तर उत्तर देणारा भेटत नाही. तेव्हा तो प्रश्न येथे, आपल्यासमोर, निवांतपणे मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रश्न असा. संगणकात चित्र काढण्याचे काम करणारे जे ग्राफिक्स कार्ड असते, त्याचे दोन प्रकार बाजारात मिळतात. एक घरगुती संगणकासाठी, मुख्यतः खेळांसाठी. आणि दुसरे वर्कस्टेशनसाठी, म्हणजे यंत्रांची व इमारतींची रेखाटने करणाऱ्या कामाच्या संगणकासाठी. दोन्ही एकाच कंपनीची. पुष्कळदा दोघांच्या पोटातली चिपही एकच. तरीसुद्धा कामाच्या कार्डाची किंमत खेळाच्या कार्डाच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही अधिक. हे का? यात ग्राहकाची फसवणूक आहे, की त्या जादा पैशाच्या बदल्यात खरोखर काही हाती पडते?

प्रथम हे कार्ड करते काय ते पाहू. आपल्या समोरचा साधा पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. चित्र हलते दिसावयाचे असेल तर यातील प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा नव्याने ठरवावा लागतो. गुणाकार केला तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख निर्णय होतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा मोठा हुशार, परंतु त्याच्याजवळ हात थोडे. लग्नाच्या पंगतीत एकटा आचारी कितीही निष्णात असला तरी हजार पानांवर भात तो वाढू शकत नाही; तेथे शंभर वाढपीच लागतात, आणि त्यांना स्वयंपाक येण्याची गरज नसते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही वाढप्यांची फौज. साधे, एकसारखे काम शेकडो हातांनी एकाच वेळी करणे हे तिचे वैशिष्ट्य.

आता थोडा इतिहास. १९८० नंतरच्या दशकात संगणकावर घन आकृती फिरवून पाहण्याची सोय ही मोठ्या कारखान्यांची व प्रयोगशाळांची मिरास होती. अमेरिकेत जिम क्लार्क यांनी स्थापन केलेल्या सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची यंत्रे त्या क्षेत्रात अग्रगण्य होती, आणि त्यांच्या किमती सामान्य माणसाने विचारण्याजोग्या नव्हत्या. १९९३ साली ‘जुरासिक पार्क’ चित्रपटातले डायनोसॉर आपण जे धावताना पाहिले, त्यातील संगणकावर घडविलेले प्राणी याच यंत्रांवर घडले. याच कंपनीने १९९२ साली ओपनजीएल या नावाची चित्ररेखनाची एक सामायिक भाषा जगापुढे ठेवली. रेखाटनाची आज्ञावली काय काढावयाचे ते या भाषेत सांगते आणि कार्ड ते काढते. ही भाषा पुढे आपल्या कथेत पुन्हा येणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

त्यानंतर एक गमतीची उलथापालथ झाली. मुलांचे संगणकावरील खेळ लोकप्रिय झाले आणि खेळासाठी कार्डे लाखांनी खपू लागली. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हीडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड काढले आणि त्यातल्या चिपला जीपीयू हे नाव देऊन त्याचा गाजावाजा केला. लगोलग तीच चिप वापरून क्वाड्रो या नावाने दुसरे, महाग कार्ड अभियंत्यांसाठी निघाले. म्हणजे पूर्वी कारखान्याच्या यंत्रातून खेळणे जन्मास येत असे, ते आता खेळण्याच्या खपावर कारखान्याचे यंत्र उभे राहू लागले. चिप बनविण्याचा अवाढव्य खर्च मुलांच्या खेळांनी उचलला आणि त्याचा लाभ शास्त्राला झाला. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या सुधारित रूपात आकाशातून येणाऱ्या संकेतांची आकडेमोड करण्यासाठी याच जातीच्या चिपा बसविल्या आहेत. खेळाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे वळू आणि दोन सख्खी भावंडे समोरासमोर ठेवून पाहू. २०१६ च्या ऑक्टोबरात जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय हे खेळाचे कार्ड निघाले. त्याची जाहीर किंमत १३९ डॉलर होती. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, क्वाड्रो पी १००० हे कामाचे कार्ड आले. त्याची किंमत या रकमेच्या दुपटीहून अधिक. दोघांत चिप एकच, तिचे नाव जीपी १०७. तिच्यात सुमारे ३३० कोटी ट्रान्झिस्टर आणि आकडेमोड करणारे ७६८ गाभे. खेळाच्या कार्डात हे सगळे ७६८ गाभे चालू असतात. कामाच्या कार्डात किती? ६४०. बाकीचे बंद! स्मृती दोन्हींकडे ४ जीबी. परंतु खेळाच्या कार्डाची स्मृती सेकंदाला ११२ जीबी माहितीची ने-आण करते, तर कामाच्या कार्डाची सुमारे ८०.

श्रोतेहो, येथे ग्राहकाच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. दुप्पट पैसे द्यावयाचे आणि त्या बदल्यात कमी गाभे व मंद स्मृती घ्यावयाची, हा कोठला व्यवहार? कागदावरच्या आकड्यांनी तुलना केली तर शहाणा माणूस खेळाचेच कार्ड घेईल. आमच्या माहितीतल्या एका शहाण्या मुलीने तेच केले.

आमच्या एका स्नेह्यांची ही कन्या. यंत्रविद्येची पदविका घेऊन तिने घरातच एका खोलीत रेखाटनाचे लहानसे कार्यालय थाटले. साखर कारखान्यांना लागणाऱ्या टाक्या, नळांचे सांधे, जाळ्या यांची रेखाटने करून ती भोवतालच्या फॅब्रिकेशनवाल्यांना देई. संगणक कर्ज काढून घेतलेला. दुकानदाराने सांगितले, “ताई, या किमतीत याच्याहून भारी कार्ड नाही,” आणि त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. काही महिने काम बरे चालले. पुढे मोठ्या जोडणीचे काम आले, शेकडो सुटे भाग एकाच चित्रात. चित्र फिरविताना काही कडा मध्येच नाहीशा होत, तर ज्या रेषा भागाच्या पाठीमागे दडावयास हव्यात त्या पुढे दिसत. पुन्हा फिरविले की ठीक. एकदा एका पत्र्यावरील भोके उलट्या बाजूने गेली, पत्रा कापून झाला, आणि त्याची भरपाई तिच्या बिलातून वळती झाली.

ती आमच्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न पैशाचा नव्हता. ती म्हणाली, “काका, चूक माझी असेल तर मी ती मान्य करीन. पण चूक माझ्या डोळ्यांची की पडद्याची, हेच मला कळत नाही. आता प्रत्येक रेषेची भीती वाटते.” तिने आज्ञावलीच्या कंपनीला कळविले होते. उत्तर नम्र भाषेत आणि एका ओळीत आले होते: आपले कार्ड आमच्या तपासलेल्या कार्डांच्या यादीत नाही, तेव्हा या तक्रारीची चौकशी आम्हांस करता येत नाही.

बंधुभगिनींनो, दोन कार्डांमधला खरा फरक या एका ओळीत आहे. तो आता आपण क्रमाक्रमाने उलगडू.

कार्डाबरोबर एक आज्ञावली येते, तिला ड्रायव्हर म्हणतात. मोटारीला जसा चालक तसाच हा. रेखाटनाच्या आज्ञावलीने ओपनजीएलच्या भाषेत हुकूम दिला की तो चिपला समजेल असा करून सांगणे हे याचे काम. आता खेळातले चित्र आणि यंत्राचे रेखाटन यांत मूलभूत भेद आहे. खेळात सगळे काही रंगीत कातडे चढविलेल्या त्रिकोणांचे असते. घर, घोडा, आकाश, सारे त्रिकोण. सेकंदाला साठ चित्रांपैकी एखाद्यात एक त्रिकोण चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि आलेच तर कोणाचे बिघडत नाही. तेथे वेगाला किंमत. रेखाटनात मात्र हजारो बारीक रेषा असतात, पत्र्याच्या दोन्ही बाजू उजळून दाखवाव्या लागतात, आतला भाग कापून पाहावा लागतो. येथे रेषा चुकली तर लोखंड चुकते. खेळाच्या कार्डाचा ड्रायव्हर पहिल्या कामासाठी घोटलेला असतो, कामाच्या कार्डाचा दुसऱ्या. नवा खेळ बाजारात आला की खेळाचा ड्रायव्हर बदलतो. कामाच्या ड्रायव्हरची एक शाखा दीर्घकाळ स्थिर ठेवून तिच्यात फक्त दुरुस्त्या करतात.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, सीमेन्स एनएक्स यांसारख्या आज्ञावल्या विशिष्ट कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरची विशिष्ट आवृत्ती यांची जोडी तपासून मग ती यादीत घालतात. सॉलिडवर्क्समध्ये तर भाग खऱ्या धातूसारखा झळाळून दाखविण्याची एक सोय अशी आहे की, यादीतले कार्ड नसेल तर ती चालूच होत नाही. यादीचा अर्थ एवढाच की, काही बिघडले तर दोन्ही कंपन्या फोन उचलतील, आणि “आमचा दोष नाही, त्यांचा असेल” असे म्हणून ग्राहकाला दोन दारांमध्ये फिरविणार नाहीत.

तिसरी गोष्ट बांधणीची. खेळाच्या कार्डाची चिप एक कंपनी देते आणि पाटी, पंखे, वेग हे अनेक निरनिराळे कारखानदार आपापल्या मतीप्रमाणे ठरवितात. कामाचे कार्ड एकाच आराखड्याबरहुकूम निघते, त्यामुळे आज घेतलेले आणि दोन वर्षांनी घेतलेले कार्ड सारखेच. आपल्या जोडीतले १०५० टीआय ७५ वॅट वीज खाते, तर पी १००० अवघी ४७ वॅट. ते बुटके आहे, एकाच खाचेत मावते, आणि त्याला चार पडदे जोडता येतात. कचेरीतल्या चिंचोळ्या पेटीत, दिवसाचे दहा तास, न तापता, न घोंघावता चालावे हा त्याच्या मंदपणामागचा एक हेतू आहे.

चौथी गोष्ट स्मृतीच्या चोखपणाची, आणि येथे आम्हांस विक्रेत्यांच्या एका सरसकट बोलण्याला हरकत घ्यावयाची आहे. स्मृतीत साठविलेला शून्य कधीकधी आपोआप एक होतो, किंवा एकाचा शून्य. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळेही असे घडते. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक येथे निवडणुकीच्या मोजणीत एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी मते पडली. जादा आकडा बरोबर ४०९६ निघाला. एकाला दोनाने बारा वेळा गुणीत गेले की येणारी ही संख्या. म्हणजे स्मृतीतला एकच अंक उलटला असला पाहिजे असे तज्ज्ञांनी सांगितले. अशी चूक पकडून जागच्या जागी सुधारण्याची युक्ती रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केली. सुटीच्या दिवशी यंत्रावर लावून ठेवलेली गणिते चूक आढळताच टाकून दिली जात, याला वैतागून त्याने ती शोधली. वाण्याने प्रत्येक पानाची बेरीज खाली मांडून ठेवावी म्हणजे खाडाखोड कळावी, त्याच जातीची ही युक्ती, फक्त ही चुकलेला अंक कोठला तेही सांगते. पुष्कळ विक्रेते म्हणतात की कामाच्या कार्डात ही सोय असते. मोठ्या, महाग कार्डांत असते हे खरे. परंतु आपल्या क्वाड्रो पी १००० मध्ये ती नाही. स्वस्तातले कामाचे कार्ड घेऊन महागड्याचे सर्व गुण अंगी येतात असे नव्हे. विकत घेण्यापूर्वी त्याच कार्डाचा कागद वाचावा, घराण्याची कीर्ती वाचू नये.

आता फसवणुकीच्या प्रश्नाला आपण सामोरे जाऊ. ड्रायव्हर ही तर केवळ आज्ञावली. ती खेळाच्या कार्डाला का देत नाहीत? न देण्याचे तांत्रिक कारण सबळ नाही, हे कंपन्यांच्या स्वतःच्या वागण्यानेच सिद्ध झाले आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींनी युक्तीप्रयुक्तीने जीफोर्सला आपण क्वाड्रो आहोत असे भासविले आणि बंद ठेवलेले पुष्कळसे गुण जागे केले. २०१७ साली प्रतिस्पर्धी एएमडीने एक कार्ड बाजारात आणताच एनव्हीडियाने आपल्या टायटन एक्सपी या कार्डासाठी नवा ड्रायव्हर दिला, आणि माया यांसारख्या चित्रणाच्या आज्ञावल्यांत वेग तिप्पट होईल असे स्वतःच जाहीर केले. कार्ड तेच, लोखंड तेच. एका रात्रीत तिप्पट! तसेच रंगांचे. प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा ओपनजीएलच्या आज्ञावल्यांत दाखविण्याची सोय पूर्वी क्वाड्रोवाल्यांसाठी राखीव होती. २०१९ च्या जुलैत ती ड्रायव्हर बदलून जीफोर्सलाही मिळाली. आणि २०१७ च्या अखेरीस याच कंपनीने जीफोर्सच्या परवान्यात कलम घातले की, मोठ्या माहितीकेंद्रांत हा ड्रायव्हर वापरू नये. विकत घेतलेली वस्तू कोठे वापरावी हे विकणाऱ्याने सांगावे, हे अनेकांना खटकले आणि आम्हांसही खटकते.

ही युक्ती मात्र नवी नाही. ड्युपुइ नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली रेल्वेविषयी लिहिताना एक मार्मिक निरीक्षण केले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांवर छप्पर नसे. छपराला खर्च फारसा नव्हता आणि गरिबांना भिजवावे अशीही कंपनीची इच्छा नव्हती. पण छप्पर घातले तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे लोकही तिसऱ्यात बसतील, ही भीती होती. गरिबाला त्रास द्यावयाचा तो श्रीमंताला धाक बसावा म्हणून. इंटेलनेही १९९१ साली ४८६ एसएक्स हा प्रोसेसर काढला, तो म्हणजे मूळ ४८६ मधला गणिताचा भाग बंद करून स्वस्त केलेला. खेळाच्या कार्डात रेषांचे गुण मिटून ठेवणे हा याच कुळातला प्रकार.

मग सरळ लबाडी म्हणून मोकळे व्हावे काय? आमचे मत तसे नाही, आणि त्याची कारणे दोन. पहिले असे की, शेकडो आज्ञावल्यांबरोबर ड्रायव्हर तपासणे, जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे सांभाळणे, तक्रारींच्या मागे लागणे हा खरा, माणसांच्या मेहनतीचा खर्च आहे, आणि तो मूठभर गिऱ्हाइकांवर वाटला जातो. हा खर्च खेळणाऱ्या पोरांच्या माथी मारला असता तर १३९ डॉलरचे कार्ड त्या किमतीला मिळाले नसते. दुसरे असे की, वरच्या पायरीवर फरक नुसत्या ड्रायव्हरचा राहत नाही. २०१३ साली एकाच चिपवर निघालेल्या जीफोर्स ७८० टीआय आणि क्वाड्रो के ६००० या दोघांत गाभे सारखेच, २८८०. परंतु सोळा अंकांपर्यंत अचूक असे दुहेरी अचूकतेचे गणित क्वाड्रो आपल्या साध्या वेगाच्या एक तृतीयांश वेगाने करी, तर जीफोर्स एक चोविसांश. स्मृती एकीकडे १२ जीबी, दुसरीकडे ३. २०२० च्या जोडीत जीफोर्स आरटीएक्स ३०९० ची स्मृती २४ जीबी आणि आरटीएक्स ए ६००० ची ४८ जीबी, चूक सुधारणाऱ्या युक्तीसह. किंमत सुमारे तिप्पट. ज्याचे काम २४ जीबीत मावत नाही त्याला ३०९० चा वेग काय कामाचा? मात्र हेही सांगितले पाहिजे की, आपल्या छोट्या जोडीत दुहेरी अचूकतेचा वेग दोघांचाही सारखाच, साध्या वेगाच्या एक बत्तिसांश आहे. तेथे जादा पैशात गणित मिळत नाही.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. स्वस्त पायरीवरच्या कामाच्या कार्डात आपण वेग विकत घेत नाही. काम बिघडले तर उत्तर देण्यास कोणीतरी बांधलेले असावे, ती हमी आपण विकत घेतो. ती हमी अनेकदा मुद्दाम दुसरीकडून काढून येथे ठेवलेली असते, हे खरे; तरी ती खोटी नाही. तेव्हा ग्राहकाने स्वतःला विचारावयाचे ते एवढेच की, आपल्या कामात अशा हमीची गरज आहे की नाही.

यावरून व्यवहाराचे काही नियम निघतात. घरचा हिशेब, पत्रव्यवहार, शाळेचा अभ्यास, सपाट कागदी नकाशे यांसाठी प्रोसेसरमध्येच चित्रणाची सोय असेल तर वेगळे कार्ड मुळीच घेऊ नये. मुलगा ब्लेंडरवर सजीव चित्रे शिकत असेल, चलच्चित्रांचे संकलन करीत असेल किंवा खेळत असेल तर खेळाचेच कार्ड घ्यावे आणि वाचलेला पैसा अधिक स्मृतीवर खर्च करावा. आमचे एक शेजारी “मुलाला चांगल्यातले” म्हणून कामाचे कार्ड घेऊन आले. त्या पैशात त्याला कितीतरी वेगवान खेळाचे कार्ड मिळाले असते. हीसुद्धा चूकच, फक्त उलट्या दिशेची. परंतु ज्या चित्राखाली आपली सही पडणार आहे, ज्यावरून लोखंड कापले जाणार किंवा भिंत उभी राहणार आहे, तेथे आधी आज्ञावलीच्या कंपनीची यादी उघडावी, आणि यादीत असेल तेच कार्ड, यादीत लिहिलेल्या ड्रायव्हरसह, घ्यावे.

नावे बदलत राहतात, त्यांनी गोंधळून जाऊ नये. क्वाड्रो हे नाव २०२० पासून नव्या कार्डांवरून जाऊ लागले. २०२४ साली निघालेली जीफोर्स आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती आणि आरटीएक्स ए १००० ही आजच्या काळातली तशीच जोडी: चिप एकच, गाभे दोघांतही २३०४, एकीकडे ६ जीबी आणि ७० वॅट, दुसरीकडे ८ जीबी आणि ५० वॅट. एएमडीकडेही रेडिऑन आणि रेडिऑन प्रो अशी दोन घरे आहेतच.

जुन्या बाजारात जाणाऱ्यांनी दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. १०५० टीआयच्या नावाखाली कित्येक वर्षांपूर्वीच्या चिपेला खोटे नाव चढवून विकलेली कार्डे सापडली आहेत. जीपीयू-झेड ही फुकट मिळणारी लहानशी आज्ञावली चालवून दुकानातच खातरजमा करावी. आणि ज्या पिढीतली ही आपली दोन भावंडे आहेत तिला नवनवे ड्रायव्हर देणे थांबवीत असल्याचे निर्मात्याने २०२५ साली जाहीर केले आहे. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आणखी काही काळ मिळतील, पण नव्या आज्ञावल्यांच्या याद्यांत ही नावे यापुढे शोधू नयेत. हमीलाही मुदत असते.

आमच्या त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो आणि थांबतो. एका कचेरीतून निघालेल्या जुन्या संगणकातले क्वाड्रो पी १००० तिला बेताच्या किमतीत मिळाले, आणि तिच्या आज्ञावलीच्या आवृत्तीच्या यादीत ते त्या वेळी होते. कडा नाहीशा होणे थांबले. वेग वाढला असे ती म्हणाली नाही. पुढे एकदा तिच्या रेखाटनात पुन्हा भोकांची चूक निघाली. या खेपेस तिने स्वतःच फोन करून आम्हांस सांगितले, “काका, ही माझीच होती. कापण्याआधी सापडली.” तिच्या आवाजात आम्हांस समाधान जाणवले. स्वतःची चूक स्वतःची म्हणून ओळखता येणे, ही कारागिराच्या प्रतिष्ठेची पहिली अट आहे, आणि ज्या हत्याराने ती ओळख पुसून टाकली होती ते कितीही वेगवान असले तरी तिच्या कामाचे नव्हते.

खरेदीला निघताना आपण आकड्यांबरोबर हाही विचार मनात ठेवावा, एवढीच विनंती.